रंगारी पंच आणि बावीस बिऱ्हाडं

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी कुसुंबपेठ नावाचं एक गाव होतं. गावाला चहूबाजूंनी दगडी कोट आणि ये-जा करायला एकच वेस. दिवस मावळला की वेशीवरचा नगारा वाजायचा आणि दरवाजा बंद व्हायचा. एकदा बंद झाला की मग राजा आला तरी सकाळपर्यंत उघडायचा नाही.

या गावात लिंबाजी नावाचा एक रंगारी राहत होता. कुसुंबपेठेचं रंगीत कापड चार मुलखांत जायचं, आणि त्यातही लिंबाजीच्या पागोट्यांना तोड नव्हती. साठ हात लांबीचं पागोटं एका सरळ रेषेत, एकाच उन्हात वाळावं लागतं. मध्ये घडी पडली की तिथे रंग साचतो. एवढी लांब मोकळी जागा कोटाच्या आत एकट्या लिंबाजीकडे होती. त्याच्या वडिलांनी मिळवलेलं ते आवार होतं. त्यात बांबूच्या रांगा रोवलेल्या, आणि त्यांवर लाल, निळं, हळदी कापड वाऱ्यावर हलत असायचं.

लिंबाजीकडे राहीबाई नावाची एक म्हातारी कामाला होती. ती त्याच्या वडिलांच्या वेळेपासून होती. निळीचं पिंप कधी ढवळायचं आणि कधी झाकून ठेवायचं, हे ती नुसत्या वासावरून सांगायची. लिंबाजी तिला मावशी म्हणायचा.

गावाची भरभराट झाली तशी एक विचित्र गोष्ट घडू लागली. बाहेरगावचे व्यापारी येऊन गावातली घरं घेऊ लागले. कुणी घराची वखार केली. कुणी वर्षातून एकदा जत्रेला उतरायला म्हणून घर घेतलं आणि उरलेलं वर्ष त्याला कुलूप लावून ठेवलं. उरलेल्या घरांची भाडी चढत गेली. ज्यांच्या हातांवर हा सगळा धंदा चालत होता ते कापड धुणारे, गाठी वाहणारे, दळणारे, झाडणारे एकेक करून कोटाबाहेर गेले. दीड कोसावरच्या माळावर त्यांनी खोपटी बांधली.

एके दिवशी राहीबाई कामावर आली ती डोक्यावर बोचकं घेऊनच.

"हे काय, मावशी?" लिंबाजीनं विचारलं.

"घरमालकानं खोली मागितली. तिथे कापडाच्या गाठी ठेवायच्यात त्याला," राहीबाई म्हणाली. "माझ्यापेक्षा गाठी जास्त भाडं देतात, मालक. आणि त्या खोकतही नाहीत."

असं म्हणून ती हसली आणि पिंपाकडे वळली. लिंबाजीला मात्र हसू आलं नाही. त्या दिवसापासून राहीबाई सूर्य कलला की काम टाकून निघू लागली. तिचे पाय सुजलेले असायचे. वेस बंद व्हायच्या आत गावाबाहेर पडायचं, आणि अंधार व्हायच्या आत माळ गाठायचा, कारण माळाच्या अंगाला लांडगे होते. माळावर अशी बावीस बिऱ्हाडं होती. लिंबाजीनं एकदा राहीबाईला विचारून मोजली, आणि मग तो आकडा त्याच्या डोक्यातून जाईना.

गावचा कारभार पंच बघायचे. दर तीन वर्षांनी एक नवा पंच निवडायची रीत होती. ज्याला पंच व्हायचं असेल त्यानं चावडीत आपल्या नावाचं मडकं ठेवायचं, आणि गावातल्या प्रत्येक घरानं आपल्या पसंतीच्या मडक्यात एक चिंचोका टाकायचा. ज्याच्या मडक्यात जास्त चिंचोके, तो पंच. त्या वर्षी लिंबाजीनं मडकं ठेवलं.

अडचण एकच होती. चिंचोका कोटाच्या आत घर असणाऱ्यालाच मिळायचा. ज्यांच्यासाठी लिंबाजी उभा राहिला होता त्यांच्यापैकी एकालाही मडक्यात काही टाकता येणार नव्हतं.

म्हणून तो घर असलेल्यांच्या दारोदार फिरला. प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारायचा, "तुमच्याकडे कामाला कोण येतं? आणि ते राहतं कुठे?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना यायचं. दुसऱ्याला लोक गप्प व्हायचे.

"आपण त्यांच्या हातचं खातो, त्यांनी धुतलेलं नेसतो," लिंबाजी म्हणायचा, "आणि नगारा वाजला की त्यांना हाकलून देतो. मला पंच करा. मी कोटाच्या आत त्यांच्यासाठी घरं बांधून घेईन. कष्ट करणाऱ्याला झेपेल असं भाडं."

लोकांना पटलं. सगळ्यांना नाही, पण पुरेशा लोकांना. मडकी उपडी केली तेव्हा लिंबाजीच्या मडक्यात दुसऱ्यापेक्षा सात चिंचोके जास्त निघाले. राहीबाईनं त्याच्या कपाळाला हळद लावली आणि ती कामाला लागली.

पंचांच्या पहिल्याच बैठकीत लिंबाजीनं विषय काढला. त्याला वाटलं होतं, मोठी वादावादी होईल. पण पंचांचे प्रमुख, म्हातारे नगरशेट, शांतपणे म्हणाले, "आमचा विरोध नाही, लिंबाजी. लाकूड गावच्या रानातलं घे, दगड गावच्या खाणीतला घे. बावीस घरांची जागा तेवढी तू आण. मात्र होळीच्या आत. होळीनंतर ते लाकूड धर्मशाळेला द्यायचं ठरलंय."

लिंबाजी आनंदानं बाहेर पडला. जागा काय, आज ना उद्या मिळेलच, असं त्याला वाटलं.

तो आधी बागवाल्या व्यापाऱ्याकडे गेला. व्यापाऱ्याची कोटाच्या आत मोठी आमराई होती, आणि तिच्या कडेला बरीच पडीक जागा.

"उत्तम काम काढलंस," व्यापारी दारातूनच म्हणाला. "मी चिंचोका तुलाच टाकला होता. पण बागेला लागून वस्ती झाली तर आंबा राहील का झाडाला? दुसरीकडे कुठेही कर. इथे तेवढं नको."

मग तो देवळाच्या पुजाऱ्यांकडे गेला. देवळामागे मोठं पटांगण होतं.

"देव तुझं भलं करो," पुजारी म्हणाले. "पण उत्सवाच्या पंगती कुठे बसवायच्या? गावात काय जागेला तोटा आहे? इथे तेवढं नको."

आखाड्याचे वस्ताद म्हणाले, "ही माती चार पिढ्यांची आहे, बाबा. तिला तेल-ताक पाजून वाढवलीय. तू सांगशील तिथे मी माझ्या पोरांना दगड वाहायला लावतो. पण इथे तेवढं नको."

असे दोन महिने गेले. प्रत्येकानं त्याला पाणी विचारलं, प्रत्येकानं त्याचं कौतुक केलं आणि प्रत्येकानं त्याला पुढच्या दारात पाठवलं. लिंबाजी घरी येऊन संतापायचा. पिंपाशी उभा राहून राहीबाईला सांगायचा, "तोंडानं गोड बोलतात सगळे. द्यायची वेळ आली की मागे सरतात. माणसं आहेत की काय!" राहीबाई खाली मान घालून पिंप ढवळत राहायची.

होळीला आठ दिवस उरले तेव्हा पुन्हा बैठक भरली. लिंबाजी उठला आणि मनातलं सगळं बोलून गेला. कुणी काय कारण दिलं तेही त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. बागवाला व्यापारी तिथेच बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "पंच, एक विचारू? कोटाच्या आत सगळ्यात मोठी मोकळी जागा कुणाची आहे?"

चावडीत कुजबुज झाली. कुणीतरी हसलं.

लिंबाजीचा चेहरा तापला. "ते आवार मोकळं नाही," तो म्हणाला. "तिथे माझं कापड वाळतं. माझ्या वडिलांची जागा आहे ती. पागोट्याला साठ हात सलग ऊन लागतं, त्यात एक घर उभं राहिलं तरी धंदा बसला. तुम्हाला रंगाऱ्याचं काम ठाऊक नाही म्हणून बोलता. दुसरी कुठलीही जागा सांगा, मी उद्या पाया खणतो. पण तिथे तेवढं..."

आणि तो थांबला. पुढचा शब्द त्याच्या तोंडात तसाच राहिला. तो शब्द त्यानं दोन महिन्यांत इतक्या दारांत ऐकला होता की स्वतःच्या आवाजात येताना त्याला ओळखू आला.

नगरशेटांनी बैठक उठवली.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलला आणि राहीबाई निघाली, तसा लिंबाजीही पायात वहाणा घालून तिच्याबरोबर चालू लागला.

"तुम्ही कुठे, मालक?"

"तुझं घर बघायला."

वेशीतून बाहेर पडल्यावर रस्ता संपला आणि खडी लागली. राहीबाई दर शंभर पावलांवर थांबून दम घ्यायची. लिंबाजीच्या लक्षात आलं की या लोकांच्या नावानं आपण तीन महिने दारोदार हिंडलो, पण या वाटेनं एकदाही आलो नाही.

तिच्या खोपटाला दार नव्हतं. दाराच्या जागी एक निळं कापड टांगलं होतं. रंग नीट न बसल्यामुळे लिंबाजीनंच ते कधीतरी टाकून दिलं होतं. राहीबाईनं त्याला बसायला पोतं दिलं आणि मडक्यातलं पाणी दिलं. ओढा लांब असल्यामुळे ती तांब्या अर्धाच भरते, हे त्यानं बघितलं आणि पाणी नुसतं ओठांना लावून ठेवून दिलं.

मग लिंबाजीनं विचारलं, "मावशी, खरं सांग. माझ्या आवारात घरं होतील, असं तुला कधी वाटलं होतं?"

"वाटलं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"तुम्ही मडकं ठेवलंत त्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस? मी काय तुला कामावरून काढणार होतो?"

"नसतं काढलंत, मला ठाऊक आहे," राहीबाई म्हणाली. "पण तुम्ही नाही म्हणाला असता, आणि मग रोज त्या आवारात मला कापड वाळत घालताना बघून तुम्हालाच माझ्याकडे बघवलं नसतं. जुनं काम आहे, मालक. ते तसं मोडायला नको वाटलं."

लिंबाजी उठला. परत जाताना त्याला उशीर झाला होता. समोरून माळावरची माणसं येत होती, पाठीवर ओझी आणि कडेवर पोरं घेऊन, घाईघाईनं. ती गावाकडून दूर पळत होती आणि तो एकटा गावाकडे पळत होता. नगारा वाजत असतानाच तो वेशीतून आत शिरला आणि मागे दरवाजा लागला. एवढंसं पळून त्याला धाप लागली होती. राहीबाई हे रोज करते, असं त्याच्या मनात आलं.

घरी त्याची बायको सुंद्रा जेवणासाठी थांबली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "अर्धं आवार द्यावं म्हणतो."

सुंद्रा चिडली. "पंच तुम्ही झालात, मी नाही झाले," ती म्हणाली. "ते अंगण माझंही आहे. पागोटं बंद झालं तर आपल्याला कोण ओळखणार? दुसऱ्या रंगाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय राहील?"

"काही राहणार नाही," लिंबाजी म्हणाला.

त्यानं हे इतकं सरळ कबूल केलं की सुंद्राला पुढे भांडता येईना. तिनं ताट पुढे सारलं आणि ती उठून आत गेली.

सकाळी लिंबाजी उठून आवारात आला तर सुंद्रा तिथे आधीच होती. तिनं पदर खोचला होता आणि ती पूर्वेकडच्या रांगेतला एक बांबू दोन्ही हातांनी हलवून उपटत होती.

"ही बाजू द्या," ती मान वर न करता म्हणाली. "पश्चिमेची ठेवा. पश्चिमेला ऊन उशिरापर्यंत टिकतं, साधं कापड वाळेल. आणि नुसते बघत काय उभे राहिलात? हा निघत नाहीये."

दोघांनी मिळून तो बांबू काढला.

त्या दिवशी लिंबाजी चावडीत गेला. त्याचं भाषण अगदी छोटं झालं. "माझ्या आवाराची पूर्वेची बाजू मी देतो," तो म्हणाला. "अकरा घरं बसतील. मात्र ती घरं विकता येणार नाहीत, आणि त्यांची वखार करता येणार नाही. भाडं पंचांनी ठरवायचं आणि राहणाऱ्याला झेपेल एवढंच ठरवायचं. तिथे माणसं राहतील, माल राहणार नाही. हे दगडावर कोरून लावायचं. आणि उरलेल्या अकरा घरांची जागा मागायला मी उद्यापासून पुन्हा तुमच्या दारात येणार आहे."

मग वस्ताद खाकरले. "आखाड्याच्या मागची भिंत चार पावलं आत घेतली तर कुस्ती काही थांबत नाही," ते म्हणाले. "चार घरं बसतील. घे."

पुजाऱ्यांनी विचार करायला दोन दिवस घेतले, आणि तीन घरांची जागा दिली. पंगती दोन बैठकींत बसवू म्हणाले.

बागवाल्या व्यापाऱ्यानं काहीच दिलं नाही.

होळीच्या आत लाकूड आलं. चैत्र सरता सरता अठरा घरं उभी राहिली. कुणाला आधी द्यायचं यावर लिंबाजीनं एक नियम केला. वयानं सगळ्यात मोठ्या माणसाचं बिऱ्हाड आधी. राहीबाई तिसरी आली. ज्या दिवशी ती राहायला आली त्या संध्याकाळी नगारा वाजला, तशी सवयीनं ती हातातलं काम टाकून उठली आणि दोन पावलं चालून थांबली. आता कुठेच जायचं नव्हतं. ती परत खाली बसली, आणि मग बराच वेळ पदरानं डोळे पुसत राहिली. सुंद्रा तिच्याशेजारी जाऊन बसली.

लिंबाजीचं पागोट्याचं काम मात्र कायमचं बंद झालं. लांबून गिऱ्हाईक यायचं, विचारायचं आणि हात हलवत परत जायचं. अशा दिवशी लिंबाजीला वाईट वाटायचं. वाटत नाही, असं तो कधी म्हणाला नाही. साध्या कापडावर त्याचं पोट भरायचं, पण चार मुलखांत त्याचं नाव राहिलं नाही.

आणि माळावर अजून चार बिऱ्हाडं होती.

त्यांच्यासाठी लिंबाजी दर महिन्याला एकदा बागवाल्या व्यापाऱ्याच्या दारात जायचा. आधी आधी व्यापारी त्याला उंबऱ्यातूनच वाटेला लावायचा. मग ओसरीवर बसवू लागला. मग बसल्यावर इकडचं तिकडचं बोलू लागला. जागेचं नाव काढलं की तेवढा गप्प व्हायचा.

एकदा असंच दोघं बसले असताना व्यापाऱ्यानं विचारलं, "लिंबाजी, वर्ष झालं. दर महिन्याला येतोस, दर महिन्याला मी तुला रिकामा पाठवतो. तुला माझा राग येत नाही?"

"आधी फार यायचा," लिंबाजी म्हणाला. "आता नाही येत. सगळ्यात मोठं आवार माझं, ते दिसत होतं सगळ्या गावाला, आणि तरी मला स्वतःला द्यायला किती दिवस लागले! तेवढे दिवस मी तुम्हाला द्यायला नकोत का?"

व्यापारी आमराईकडे बघत बसला. मग उठला, पायात वहाणा घातल्या आणि म्हणाला, "चल, कुठली बाजू म्हणतोस ती दाखव तरी."

या गोष्टीचं तात्पर्य असं: दुसऱ्यांसाठी मागायला उठणं चांगलंच, पण ते मागणं आपल्या स्वतःच्या अंगणापासून सुरू केलं, तरच समोरच्याच्या दारात जाऊन मागण्याचं बळ येतं, आणि थांबण्याचा धीरही.